सांधा

खेळण्यातल्या लहान रेल्वेचा रूळ फळीवर बसवताना खिळा पुरता ठोकायचा नसतो. डोकं रुळांखालच्या आडव्या पट्टीला, म्हणजे स्लीपरला, जेमतेम टेकेल, इतकाच. जास्त ठोकला तर प्लॅस्टिकचा स्लीपर मधोमध दबतो, दोन्ही रूळ केसभर आत झुकतात आणि गाडी तिथे अडखळते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण चाकाला कळतं. हे सगळं मला दादाने शिकवलं, आणि तरीही पहिल्याच दिवशी एक खिळा माझ्या हातून जास्त ठोकला गेला.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. "बाबांनी जन्मभर गाड्या आडव्या चालवल्या, मी उभ्या चालवतो," असं तो लोकांना हसत सांगायचा. खरं म्हणजे बाबांनी गाड्या चालवल्या नव्हत्या. ते रेल्वेच्या यार्डात सांधेवाले होते. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर न्यायची तर मध्ये सांधा लागतो. तो वेळेवर फिरवणं हे त्यांचं काम, आणि त्यात ते कधी चुकले नाहीत. निवृत्तीनंतर मात्र एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटत गेली. आधी माणसांची नावं, मग आई गेली आहे हे, मग तोंडातल्या घासाचं काय करायचं हेसुद्धा. शेवटी उरली ती ड्युटी. दुपारचं जेवण झालं की ते उठायचे, दाराची कडी काढायचे आणि निघायचे.

कुलूप लावून पाहिलं. तेव्हा ते दारावर कपाळ आपटत राहिले. त्यात राग नव्हता, दार उघडेपर्यंत ठोठावत राहायचं असतं तसं शांतपणे, रक्त येईपर्यंत. कुलूप काढलं. मग कधी कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांना हाताला धरून आणून सोडायचा, कधी वहिनी पायात चपला न घालता मागे धावायची. एकदा एका ट्रकवाल्याने त्यांना घरी आणलं. त्याने ब्रेक वेळेवर लावला होता, पण आमच्या ओट्यावर बसून तो स्वतःच थरथरत होता. वहिनीने त्याला पाणी दिलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबांसाठी तिने नोकरी सोडली होती. दिवसभर ती आणि बाबा, दोघंच घरात. मी जवळच राहते, काम आटोपलं की जायचे, पण जाणं निराळं आणि राहणं निराळं.

माझं काम बुटांचं. एक पाय आखूड असलेल्यांसाठी, पाऊल वाकडं पडणाऱ्यांसाठी मी एका इस्पितळाच्या कारखान्यात बूट बनवते. माणूस दारातून आत येईपर्यंत तो कुठे भार टाकतो, कुठे चोरतो, ते मला दिसलेलं असतं. हे सांगते ते एवढ्यासाठी, की पुढे जे मी पाहिलं ते चालण्याबद्दलचं होतं, आणि चालण्याच्या बाबतीत माझे डोळे सहसा फसत नाहीत.

लहान रेल्वेचं खोकं दादाला कुणीतरी देऊन टाकलं होतं. एका इमारतीत लिफ्टचं काम चालू असताना माळा रिकामा करणाऱ्या गृहस्थाने विचारलं, हवं का. दादाने ते बाबांसाठी आणलं. बाहेरच्या खोलीत सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर प्लायवूडची मोठी फळी टाकली, तिच्यावर रूळ नुसतेच जोडून मांडले आणि गाडी सोडली. बाबा खुर्ची ओढून बसले. कितीतरी महिन्यांनी ते एका जागी बसलेले आम्ही पाहिले. गाडी एक फेरी पुरी करायची, ते मान हलवायचे. पण मोकळे रूळ सरकायचे, जोड सुटायचे आणि गाडी आडवी व्हायची. ती पडली की बाबा उठायचे आणि दाराकडे चालू लागायचे.

म्हणून रूळ पक्के करायचं ठरलं.

दादाने त्यात जीव ओतला. फळीवर पेन्सिलने रेघ आखली, रेघेवर बुचाची पातळ पट्टी चिकटवली, तिच्यावर रूळ ठेवले. एक मोठा लंबगोल वळसा, आणि त्याच्या एका अंगाला सांधा बसवून निघालेला फाटा. पुढे दुसरी फळी जोडून तिच्यावर यार्ड करायचं त्याच्या मनात होतं, त्यामुळे तो फाटा फळीच्या काठापर्यंत जायचा आणि फळी संपायची तिथे संपायचा. स्लीपरला बारीक ड्रिलने भोक पाडायचं, चिमट्यात खिळा धरायचा आणि छोट्या हातोडीने टिचक्या मारायच्या. मी एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. एकदाच त्यांनी रुळावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबांच्या चालण्यात मला फरक दिसला. आधी ते घरभर भटकायचे, वाट फुटेल तिकडे. आता त्यांची वाट ठरलेली होती. मागच्या खोलीला दोन दारं होती, एक स्वयंपाकघरात उघडणारं आणि एक बाहेरच्या खोलीत. बाबा मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून बाहेरच्या खोलीत, तिथून परत मागच्या खोलीत असे फिरायचे. वळताना भिंतीपासून अंतर तेवढंच. अशा दोन-चार फेऱ्या झाल्या की बाहेरच्या खोलीत ते एका ठरावीक लादीवर वळायचे आणि सरळ दाराबाहेर जायचे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या आजारात असं होतं, सवय धरून ठेवतात. मला ते पटलं.

पटलं नाही ते अडखळणं. स्वयंपाकघरातून बाहेर येताना, उंबरा नाही, चटई नाही, गुळगुळीत लादी, तरी त्यांचं पाऊल एका जागी अडकायचं. रोज. मी गुडघ्यांवर बसून लादीवरून हात फिरवला. त्यांचे बूट घरी नेऊन टाचा तपासल्या. काही नव्हतं. मग एका संध्याकाळी दादाने गाडी सोडली होती आणि मी नुसती बघत बसले होते. इंजिन एका जागी किंचित दचकलं. फेरी पुरी झाली, पुन्हा त्याच जागी दचकलं. मी वाकून पाहिलं. तो माझा खिळा होता.

पक्कडीने मी तो थोडा वर ओढला. स्लीपर सपाट झाला, गाडी सुरळीत गेली. आणि मागे बाबा स्वयंपाकघरातून बाहेर आले ते सरळ चालत आले.

योगायोग असतात. तो योगायोग आहे हे पक्कं करायला म्हणून दुसऱ्या दिवशी, बाबा फेऱ्या घालत असताना, मी तो खिळा अंगठ्याने पुन्हा खाली दाबला. स्वयंपाकघराच्या दारात ते असे आपटले की दोन्ही हातांची कातडी सोलली. मी खिळा वर काढला. पुन्हा असला प्रयोग केला नाही.

दादाला सांगितलं तेव्हा त्याने मला, झोप नीट लागते का, असं विचारलं. मी फळीकडे बोट दाखवलं. हा वळसा, या तीन खोल्या. हा सांधा, ती लादी. आणि हा फाटा. तो फाट्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा लिफ्टखालच्या खड्ड्यात वाकून पाहताना होत असेल तसा झाला. बोलली ती वहिनी. ती दारात कपडे घड्या करत उभी होती आणि सगळं ऐकत होती.

"खरं की खोटं ते मला सांगू नका," ती म्हणाली. "फाटा काढून बघा."

दादाने सांधा काढला, फाटा काढला. मधल्या मोकळ्या जागेत वळणाचा एक तुकडा बसवला आणि आम्ही दोघांनी तो ठोकून टाकला. खिळे मी बेताने मारले. आता नुसता वळसा उरला, कुठून सुरू होतो नि कुठे संपतो ते सांगता येणार नाही असा.

त्या दुपारी आम्ही दाराला कडी लावली नाही. बाबा जेवले, उठले, फिरू लागले. बाहेरच्या खोलीतल्या त्या लादीवर आले, जरासे थांबले आणि मागच्या खोलीकडे वळले. उघड्या दाराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वहिनी थोडा वेळ बघत राहिली, मग आत जाऊन आडवी झाली आणि पार दिवेलागणीपर्यंत झोपली. आम्ही तिला उठवलं नाही. दादाने चहा केला. आम्ही हळू आवाजात गप्पा मारल्या, काही विनोदही केले. घरात इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

ते दिवस चांगले गेले, हे मला नाकारता येत नाही. वहिनी बाजारात जाऊ लागली, तिने केस कापून घेतले. दादा रात्री गाढ झोपू लागला. बाबा मात्र फिरत राहिले. पूर्वी बाहेरून आणले की दमून बसायचे. आता बसण्याची जागाच त्यांना सापडत नव्हती. खुर्चीजवळून जायचे, पलंगाजवळून जायचे. पाय सुजले. मी त्यांच्यासाठी मऊ बूट केले, ते डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने झिजले, कारण बाबा आता फक्त उजवीकडेच वळत होते. शेवटी दादाने पुठ्ठ्याचा एक छोटा फलाट केला आणि फळीवर खिडकीची जागा येते तिथे रुळाशेजारी चिकटवला. खरोखरच्या खिडकीपाशी आम्ही खुर्ची ठेवली. बाबा तिथे आले, थांबले, बसले. मग वहिनीने विचारलं, पलंगापाशी एक होईल का? दादाने तोही केला. जेवणापुरता एक स्वयंपाकघरात. असं बाबांचं सगळं आम्ही फळीवरून करू लागलो, आणि ते करताना आम्हाला काही वाटेनासं झालं. गाडी चालवणं कधीच बंद झालं होतं. तिच्यावर धूळ बसली होती. गाडीची गरज नव्हती, रुळांची होती.

एके दिवशी मी गेले तेव्हा बाबा फळीपाशी उभे होते. तिथे फलाट नव्हता, तरी उभे होते. सगळं अंग थरथरत होतं, जोराच्या वाऱ्यात खांब धरून उभं राहावं तसं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदा मला ओळखलं.

"चिमणे," ते म्हणाले, "सांधा कोणी काढला?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा ना."

"सांध्याशिवाय गाडी बाहेर कशी काढशील?" त्यांनी मला विचारलं. रागावून नाही. नव्या माणसाला काम समजावताना विचारतात तसं. उत्तराची त्यांनी वाट पाहिली. मग त्यांचे पाय चालू लागले, आणि तोंड पुढे वळायच्या आधी मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की त्यांना हे पाय थांबवायचे होते.

मी दादाला हे सांगितलं नाही. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मला पण विचारलं होतं. मागच्या महिन्यात."

थंडीत बाबांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. इस्पितळात नेऊन हाल करण्यात अर्थ नाही, एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे, जवळच्यांना कळवा, असं ते म्हणाले. जवळचे आम्हीच होतो. आम्ही पलंगाभोवती बसलो.

ते दिवस गेले. आठवडा गेला. बाबांनी खाणं सोडलं, मग पाणी ओठांवरून ओघळू लागलं. श्वास इतका लांबायचा की आम्ही एकमेकांकडे बघायचो, मग तो पुन्हा यायचा. डॉक्टर आले, नाडी धरून बराच वेळ बसले. असं आपण पाहिलेलं नाही, हे शरीर केव्हाच थांबायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले आणि फी न घेता गेले. पांघरुणाखाली बाबांची पावलं हलत होती. उजवं, डावं. उजवं, डावं. आणि अंग उजवीकडे कलतं होत होतं.

त्या दिवशी वहिनी दादाला म्हणाली, "सोड त्यांना."

दादा उठला. सांधा आणि फाटा त्याने जपून ठेवले होते, जिन्याखालच्या पेटीत. तो पक्कड घेऊन आला. मी वळणाच्या त्या तुकड्यातले खिळे काढू लागले. खिळे सुटले, एकेक करून सगळे. तुकडा मात्र सुटला नाही. तिथे गोंद लावलेला नव्हता, हे मला पक्कं आठवत होतं. दादाने रुळाखालून ब्लेड घातलं. ब्लेड या बाजूने जाऊन त्या बाजूने बाहेर आलं. मध्ये काहीच नव्हतं. तरी रूळ उचलला जाईना.

दादाने बारीक करवत घेतली.

दाते लोखंडावर टेकले, तेव्हा आत बाबा कण्हले. दादाचा हात थांबला. वहिनी आतून म्हणाली, "थांबू नकोस. चालू दे."

तो कापत राहिला. चारही जागी कापून झालं तेव्हा तुकडा आपोआप ढिला पडला, माझ्या तळहातावर आला. तो गरम होता. करवतीने गरम झाला असेल.

आम्ही सांधा बसवला. दादाने तो धरून ठेवला, मी खिळे मारले. मग फाटा, फळीच्या काठापर्यंत. या वेळी एकही खिळा जास्त ठोकला गेला नाही. खिडकीतून दुपारचं ऊन फळीवर पडलं होतं.

शेवटचा खिळा बसला. दादाने बोटाने सांधा फाट्याच्या बाजूला फिरवला. टक् असा आवाज झाला.

सांधा तसाच फाट्याकडे ठेवून आम्ही आत गेलो. मी पलंगाच्या उजव्या बाजूला बसले, दादा पायथ्याशी, वहिनी उशाशी. बाबांची पावलं थांबली होती. त्यांनी एक श्वास घेतला. आम्ही पुढच्या श्वासाची वाट पाहिली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघंही तिथून उठलो नाही. कोणी कोणाचा हातही धरला नाही, रडलंही नाही. अंधार पडल्यावर वहिनीने दिवा लावला आणि दादा डॉक्टरांना फोन करायला उठला.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून आलो. वहिनी अंघोळीला गेली होती, दादा औषधांच्या बाटल्या पिशवीत भरत होता. दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू हातात प्रवासाची बॅग घेऊन दारात थांबल्या. आदल्या दिवशी त्या मुलीकडे गेल्या होत्या आणि आत्ताच परतत होत्या. त्यांना काही कळलेलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच हसून विचारलं, बाबा बरे झाले वाटतं?

दादाने मान वर केली.

"काल दुपारी रिक्षाची वाट बघत गॅलरीत उभी होते," काकू म्हणाल्या. "बाबांना चालताना पाहिलं. मला इतकं बरं वाटलं. तुम्ही दोघंही होता मागे. आधी दादा, मग तू. मी वरून हाक मारली, पण तुम्ही कोणी वर पाहिलं नाही. असे एकामागे एक, सरळ गेलात."

मी विचारलं, कुठपर्यंत?

"मोठ्या रस्त्यापर्यंत दिसत होता. मग नाही दिसलात." त्यांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "रिक्षा यायला बराच वेळ लागला. मी तिथेच होते. तुम्ही दोघं परत आलेले मात्र मला दिसला नाहीत."